मेसर्स झुलेखा अँड कंपनी

एकसष्ट सालच्या ऑक्टोबर महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता, कुवेतच्या शर्क भागातल्या एका जुन्या मातीच्या घरात, इद्रीस मुकादम यानं आपण कंपनी काढत असल्याचं जाहीर केलं.

त्या वेळी खोलीत इद्रीस धरून तिघं हजर होते. दुसरा नझीर, बंदरावर उतरणारा माल टिपून घेणारा. तिसरे सिराजचाचा, तेलकंपनीच्या एका साहेबाकडे स्वैपाकी. चाचा पापलेटांना मसाला चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कंपनी?" ते म्हणाले. "आम्ही दोघं आहोत तेवढी पुरत नाय काय रे तुला?"

"व्यापारी कंपनी, चाचा. सरकारदरबारी नोंदलेली. दारावर पाटी असलेली."

"विकणार काय?"

"आमसुलं, आंब्याची साठं, सुकट, उकडा तांदूळ. सगळं आपल्याकडचं."

"आणि घेणार कोण?"

"तुम्ही."

चाचांनी हातातलं पापलेट खाली ठेवलं. "म्हणजे घरून जे फुकट येतं ते आता मी तुझ्याकडून विकत घ्यायचं. धंदा चांगला आहे. मी नाय त्यात."

नझीरनं एवढंच विचारलं, की या सगळ्याचं कारण काय. इद्रीसनं आंतरराष्ट्रीय व्यापारावर थोडं भाषण केलं. ते दोघांनी मसाला मुरेपर्यंत ऐकून घेतलं, कारण तोवर दुसरं काम नव्हतं. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. आमसुलं हे निमित्त होतं. इद्रीसला त्याची बायको हवी होती.

इद्रीस एका जहाज-एजंटाच्या कचेरीत टंकलेखक होता. बायकामुलांना कुवेतला आणायची सोय त्या कचेरीत फक्त ऑफिसरांना होती आणि इद्रीस ऑफिसर नव्हता. दर वर्षी तो मालकांच्या कानावर बढतीचा विषय घाली आणि मालक अबू खालिद त्याला दर वर्षी काहीतरी देत. एका वर्षी टेबलावर पंखा आला. एका वर्षी हात असलेली खुर्ची आली. गेल्या वर्षी त्याचं टेबल खिडकीपाशी हलवण्यात आलं. तिथून समुद्र दिसे आणि मुंबईकडे निघालेल्या बोटी दिसत, म्हणजे पूर्वी जे दुःख अंदाजानं करावं लागे ते आता डोळ्यांनी करता येऊ लागलं. अबू खालिद चांगला माणूस होता. वाईट मालकाशी भांडता येतं, चांगल्याशी काय भांडणार?

झुलेखा बाणकोटच्या खाडीवर वेसवीला होती. इद्रीस मागच्या खेपेला घरी गेला तेव्हा मुलगी नूरी तीन वर्षांची होती. आता ती शाळेत जाऊ लागली होती. गावाहून येणारा प्रत्येक माणूस झुलेखाचा निरोप आणी. कौलं शाकारून झाली. गाय व्याली. भात बरं आलं. आणि शेवटी, "बाकी ठीक आहे म्हणून सांगा." या 'बाकी'त काय काय असेल याचा विचार करण्यात इद्रीसचे पुढचे कित्येक दिवस जात. झुलेखा कोंबड्यांना नात्यातल्या बायकांची नावं ठेवी आणि जिच्याशी बिनसलं असेल तिच्या नावाच्या कोंबडीला भरदुपारी मोठमोठ्यानं ओरडे. शर्कच्या मासळीबाजारामागे कोंबड्यांचे पिंजरे होते. तिथून जाताना इद्रीस थांबे. घेत काही नसे. पिंजरेवाला इराणी आता त्याला सलाम करू लागला होता.

तेव्हा कंपनी. कंपनीचा मालक हा कुठल्याही हिशेबानं ऑफिसरच्या वरचा, आणि मालकाला बायको आणायला कोण अडवणार, असा इद्रीसचा सरळ विचार होता. इथवर त्यात चूक काढता येत नाही.

पहिली अडचण कायद्याची निघाली. नव्या कायद्याप्रमाणे कुवेतमधल्या कंपनीत निम्म्याहून जास्त वाटा इथल्याच माणसाचा हवा होता. इद्रीसच्या ओळखीचा इथला माणूस एकच. तो शनिवारी कचेरी सुटताना अबू खालिदसमोर जाऊन उभा राहिला. अबू खालिदची उमेदीची वर्षं मुंबईत खजुराच्या व्यापारात गेली होती आणि तो मुंबईची हिंदी बोले.

"कंपनी?" अबू खालिदला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "इद्रीस, तुम हमारा घर का आदमी. घर का आदमी कंपनी निकालता है? तुमको क्या तकलीफ है? कुर्सी बराबर नहीं?"

"खुर्ची चांगली आहे, शेठ."

"पंखा?"

"पंखाही चांगला आहे."

"तो फिर!" अबू खालिद म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी इद्रीसच्या खिडकीला पडदा आला.

पुढच्या शुक्रवारी हा प्रश्न कुवेतजवळच्या खैतानला खतिजाबींकडे गेला. खतिजाबी श्रीवर्धनच्या, इस्पितळात दाई होत्या. आसपासच्या कोकणी माणसांत बायको-नवरा एका छपराखाली असलेलं त्यांचं एकच घर, म्हणून शुक्रवारी तिथं तांदळाच्या भाकरीसाठी एकटे पुरुष जमत. भाकरीबरोबर सल्ला मिळे. तो नाकारण्याची सोय नव्हती, कारण भाकरी दुसऱ्यांदा वाढायची की नाही ते खतिजाबींच्या हातात होतं.

"कंपनी इथं कशाला नोंदवतोस?" खतिजाबी म्हणाल्या. "कुठं नोंदवायची ते आपण ठरवायचं. जिथलं सरकार बरं, तिथं जायचं."

"मग जंजिऱ्याला नोंदव," सिराजचाचा म्हणाले. ते स्वतः मुरूडकडचे. "जकात माफक, कारकून गावातलेच. आमच्या मामांनी भाताच्या गिरणीचा अर्ज सकाळी दिला, दुपारी हुकूम हातात. असं संस्थान नाय मिळायचं."

"चाचा," नझीर म्हणाला, "जंजिरा संस्थान विलीन झालं. तेरा वर्षं झाली."

चाचांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. "मला कुणी कळवलं नाय," ते म्हणाले, आणि त्यांनी त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

खतिजाबींच्या डोक्यात दुसरंच संस्थान होतं. त्यांचा दीर आखाती बोटीवर खलाशी होता आणि त्यानं आखाताच्या खालच्या अंगाला, एका खाडीच्या तोंडाशी असलेलं एक छोटं अरबी संस्थान पाहिलं होतं. (त्याचं नाव इथं देत नाही. तिथले कारकून बहुधा अजून त्याच खुर्च्यांवर असतील.) तिथं स्थानिक भागीदार लागत नाही. कर नाही. परका माणूस एकटा मालक होऊ शकतो. सगळं एका सकाळी उरकतं. मग तीच कंपनी आपल्या माणसाला शाखेचा मॅनेजर म्हणून कुवेतला पाठवू शकते, आणि मॅनेजर म्हणजे ऑफिसर. या शेवटच्या वाक्याची जबाबदारी नंतर कुणीच घेतली नाही. दिराचं म्हणणं, आपण फक्त बंदर पाहिलं होतं.

आता रजेचा प्रश्न आला. कंपनी काढायला रजा मागणं अबू खालिदच्या मनाला लागलं असतं. इद्रीसनं दाढ दुखत असल्याचं सांगितलं. खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना फार मेहनत घेतो. इद्रीस दोन दिवस गालाला रुमाल बांधून टंकलेखन करत होता. तिसऱ्या दिवशी अबू खालिदनं त्याला स्वतःच्या मोटारीत घातलं आणि स्वतःच्या दंतवैद्याकडे नेलं. वैद्यानं विचारलं कुठली. इद्रीसनं घाबरून हाताला लागली ती दाखवली. चांगली, भक्कम, सुपारी फोडणारी दाढ होती. अबू खालिद दाढ उपटून होईपर्यंत त्याचा हात धरून बसला होता.

मात्र गाल खरोखरच सुजला आणि रजा मिळाली. "समंदर की हवा खाओ," अबू खालिद म्हणाला आणि खाली जाणाऱ्या बोटीचा डेकचा फुकट पास त्यानं इद्रीसच्या खिशात कोंबला.

संस्थानाचं नोंदणी कार्यालय जकातघराच्या मागच्या खोलीत होतं. तिथला अधिकारी एकटाच होता, कराचीत शिकलेला, आणि त्याला कामाची हौस होती, कारण काम क्वचितच येई. त्यानं इद्रीसला चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, की दार कुठं आहे. कंपनीला रस्त्यावर उघडणारं दार हवं आणि दारावर पाटी हवी, मग पुढचं. इद्रीसनं खाडीकाठी एक खोली भाड्यानं घेतली. पाटी रंगवणारा गावात एकच होता. त्यानं आधी एका शिंप्याची पाटी केली होती आणि त्या कामावर तो खूश होता. इद्रीसच्या पाटीवर त्यानं एका बाजूला जहाज काढलं, एका बाजूला माड काढला, आणि मध्ये कात्री काढली. इद्रीसनं कात्रीला हरकत घेतली. रंगाऱ्यानं ती किती चांगली आली आहे ते दाखवलं. खरंच चांगली आली होती.

मग अधिकाऱ्यानं लेखणी बुडवली आणि मालकाचं नाव विचारलं.

इथं मुकादमांच्या घराण्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. हे घराणं मचव्यांवर जगलेलं. त्यांच्यात तारू पाण्यात सोडायचं ते बायकोच्या नावानं, अशी रीत होती. पुरुष समुद्रावर, तो आज आहे, उद्या नाही, म्हणून घर, भात आणि तारू बाईच्या नावाचं. इद्रीसच्या आजोबांचा मचवा आजीच्या नावानं सुटला आणि मोडीत निघेपर्यंत चालला. वडिलांचा तसाच. फक्त धाकटे काका मुंबईला चार इयत्ता शिकून आले होते. त्यांनी आपलं गलबत आपल्याच नावानं सोडलं. ते खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. तारू सोडल्याच्या जेवणाच्या पंगती अजून उठायच्या होत्या, सगळ्या गावानं हातात घास धरून पाहिलं. त्यानंतर त्या घरात कुणी हा प्रयोग केला नव्हता.

इद्रीस कुवेतहून निघाला तो स्वतःचं नाव पाटीवर पाहण्याच्या इच्छेनं. वाटेत त्यानं सही बदलण्याचाही सराव केला होता. पण लेखणी कागदावर टेकली आणि त्याच्या डोळ्यांसमोर काकांचं गलबत उभं राहिलं, एका कुशीवर कललेलं.

"झुलेखा," तो म्हणाला. "मालक झुलेखा. लिहा."

"बाई?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"आमच्यात असंच असतं."

अधिकाऱ्याला यात काही वावगं वाटलं नाही. उलट तो उत्साहात आला. मालक कुठं असतात? हिंदुस्थानात? मग त्यांना यायचा परवाना लागेल, मालकाला परवाना देण्याचा अधिकार आपल्याला आहे, घ्या. सोबत मूल? तेही घ्या. त्यानं शिक्का उमटवला. ज्या शिक्क्यासाठी इद्रीस वर्षानुवर्षं पंखे आणि खुर्च्या जमवत होता, तो दुसऱ्या भेटीतला चहा निवायच्या आत मिळाला होता. इद्रीस तडक तारघरात गेला आणि त्यानं वेसवीला तार ठोकली: परवाना मिळाला. नूरीला घेऊन नीघ.

कुवेतला परतल्यावर त्यानं खोलीत मिठाई वाटली. सिराजचाचांनी मिठाई खाल्ली. नझीरनं परवाना हातात घेतला. बंदरावरच्या नोकरीमुळं कुठल्याही कागदावर माल कुठून कुठं जायचा हे आधी पाहण्याची त्याला खोड होती.

"हा परवाना तिकडचा आहे," तो म्हणाला.

"हो."

"वहिनी तिकडं येणार."

"हो."

"आणि तू इकडं."

इद्रीस म्हणाला, की आपण कंपनीचे शाखा-मॅनेजर म्हणून इथं राहू आणि मग झुलेखा— नझीर म्हणाला, कुवेतला शाखा काढायची तर पुन्हा इथला भागीदार हवाच. मग इद्रीस म्हणाला, तर आपण तिकडं जाऊ. नझीर म्हणाला, कोण म्हणून? मालकाला परवाना मिळतो. मालक वहिनी आहेत.

चाचांनी मिठाईचा हात पुसला. "अरे, तू कंपनी काढलीस की काडीमोड?"

तार परत बोलवता येत नाही. तोवर वेसवीला झुलेखानं गाय दिराकडे दिली होती, कोंबड्या ज्या त्या नावाच्या बायकांना वाटल्या होत्या, आणि जमातीनं तिला निरोपाचं जेवण दिलं होतं. गावचं निरोपाचं जेवण जेवल्यावर माघारी फिरणं आमच्या किनाऱ्यावर मेलेल्यानं उठून बसण्यासारखं आहे. आनंद कुणालाच होत नाही. त्यातून गावातल्या प्रत्येक घरानं आपापल्या कुवेतच्या मुलासाठी तिच्याबरोबर पुडकं दिलं होतं. सगळ्यांची समजूत ती कुवेतला चालली अशीच होती. झुलेखाचीही.

इद्रीसनं रजा मागितली. अबू खालिदनं काळजीनं विचारलं, "दूसरा दाँत?" इद्रीसनं जिभेनं पहिल्या दाढेची जागा चाचपली आणि तो परत टेबलावर जाऊन बसला.

इद्रीसनं टपालानं पाठवलेल्या परवान्यावरचं बंदर पाहून डिसेंबरात बोटवाल्यांनी झुलेखाला त्या संस्थानाच्या धक्क्यावर उतरवलं. सोबत नूरी, शिलाईचं यंत्र आणि पुडक्यांचे ढीग. धक्क्यावर तिला न्यायला नोंदणी अधिकारी आणि त्याची बायको बिल्कीस आली होती, कारण संस्थानात कंपनीचा मालक बोटीतून उतरण्याचा प्रसंग रोज येत नसे. बिल्कीसनं तिला सगळं समजावून सांगितलं. झुलेखानं सगळं ऐकून घेतलं, पाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कात्री कशाला?"

हे सगळं कुवेतला कळलं ते रत्नागिरीच्या एका तांडेलाकडून. त्याचा मचवा त्या खाडीत थांबत असे. पुढच्या बातम्याही त्याच्याकडूनच आल्या आणि त्या अतिशयोक्तीच्या वाटल्या तरी खऱ्या निघाल्या. पाटीवरची कात्री पाहून लोक कापड घेऊन येऊ लागले. पहिल्यांना झुलेखानं चूक समजावून सांगितली. मग तिनं यंत्र उघडलं. पुडकी तिनं एकेक मोजून, नावानिशी कुवेतला पाठवून दिली. पण धक्क्यावर त्यांना सुटलेल्या वासानं खाडीतले सगळे कोकणी खलाशी गोळा झाले होते, आणि ते हटेनात. तिनं वेसवीला सांगून आमसुलं मागवली, सुकट मागवली. सिराजचाचांनी हे ऐकलं आणि तांडेलापाशी हळूच आमसुलांची मागणी नोंदवली. पैसे रोख.

"आणि माझ्यासाठी काय निरोप?" इद्रीसनं विचारलं.

तांडेल आठवून म्हणाला, "बाकी ठीक आहे म्हणून सांगा."

मार्चमध्ये रमझान ईद आली. ईदच्या सुट्टीला जोडून इद्रीसला खाली जाणाऱ्या बोटीवर जागा मिळाली. त्याच बोटीनं पुढच्या बंदरापर्यंत जाऊन तिथून वर येणाऱ्या बोटीनं परतायचं होतं. मधे त्या खाडीपाशी बोट नांगरून माल उतरवी तेवढाच अवधी. तो नवा कोट घालून उतरला. धक्क्यावरच्या शिपायानं विचारलं, काम काय?

"माझी बायको इथं आहे. झुलेखा अँड कंपनी."

शिपाई उठून उभा राहिला. "बाईंचे कोण आपण?"

"नवरा."

शिपायानं त्याला खालून वर न्याहाळलं. बाईंच्या नवऱ्याविषयी त्याची काही वेगळी कल्पना असावी. संध्याकाळपर्यंतचा पास त्यानं दिला.

दुकानाच्या पायरीवर एक मुलगी खडूनं चौकोन आखत होती. तिनं इद्रीसकडे पाहिलं, चौकोन पूर्ण केला आणि आत ओरडली, "अम्मा, गिऱ्हाईक!"

इद्रीस पायरीवरच थांबला. नूरीला तो उंची आणि केसांवरून ओळखू शकला नसता, ओळखलं ते ओरडण्यावरून. कोंबड्यांना ओरडावं तसं, भरदुपारी, गावाला ऐकू जाईलसं.

झुलेखा आतून हात पुसत आली. तिनं त्याला पाहिलं आणि पुसलेले हात पुन्हा पुसले. दुकानात एक अरब म्हातारा पायघोळ थोब शिवून घ्यायला येऊन बसला होता. त्याच्यादेखत काय बोलणार? तिनं म्हाताऱ्याचं माप घेतलं. इद्रीसला बसायला तांदळाचं पोतं दाखवलं. तो पोत्यावर बसला. म्हातारा गेला तर दोन खलाशी आले. खलाशी गेले तर बिल्कीसबाई ईदच्या शेवया घेऊन आल्या आणि चांगल्या घटकाभर बसल्या. त्या उठल्या तेव्हा उन्हं उतरली होती.

"तुमची दाढ कधी काढलीत?" झुलेखानं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"हसलात ना मघाशी. बिल्कीसला बघून हसलात." ती बाहेर पायरीकडे पाहत होती. "नूरी, इकडं ये. हे तुझे अब्बा."

नूरी आली. तिनं सलाम केला, मोठ्या माणसांना करतात तसा, आणि इद्रीसच्या कोटाचं बटण दोन बोटांत धरून पाहिलं. मग अरबीत आईला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारते, हे राहणार आहेत का."

इद्रीसनं खिशातला पास चाचपला. झुलेखानं सुकटीची टोपली उगाचच इकडची तिकडं केली.

"राहता येईल," ती म्हणाली. "मालकाला एक माणूस ठेवायचा परवाना देतात. बिल्कीसचे साहेब म्हणाले, फक्त कामाचं नाव लिहा. मी म्हटलं, विचारून सांगते." ती पहिल्यांदा हसली. "तुम्हाला काय येतं हो?"

"टायपिंग."

"ते सोडून."

आपल्याला काय येतं हा प्रश्न इद्रीसला आजवर कुणी बायकोसमोर बसवून विचारला नव्हता.

"वजन करता येईल?" तिनं विचारलं. "माप भरून द्यावं लागतं. हात आखडता चालत नाय."

"येईल," इद्रीस म्हणाला. "शिकेन."

बोटीचा भोंगा झाला. धक्क्यापर्यंत ती आली नाही, कारण दुकान उघडं होतं. नूरी आली. वाटेत तिनं त्याला संस्थानातली सगळी महत्त्वाची ठिकाणं दाखवली: जकातघर, विहीर आणि चावणारं गाढव.

इद्रीस परतला आणि दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. एका व्यापाऱ्यानं अबू खालिदला बोलता बोलता सांगितलं, की तुमच्या टायपिस्टच्या बाईची खाली कंपनी आहे, लोक फार वाखाणतात. अबू खालिदनं त्याच संध्याकाळी इद्रीसला समोर बसवलं.

"बीवी सेठानी, मियाँ बाबू!" तो म्हणाला. "बाजार में हमारा इज्जत क्या रहेगा? हमको बोला क्यूँ नहीं?" आणि इद्रीसला ऑफिसर करण्यात आलं. बायकामुलं आणायची परवानगी, खैतानला दोन खोल्या, शिक्का, सही, सगळं.

तीन दिवसांनी तांडेल आला आणि त्यानं कंबरेच्या कापडातून दुसरा कागद काढला. झुलेखा अँड कंपनीत वजन करण्याच्या कामावर एक इसम, नाव इद्रीस मुकादम, येण्यास हरकत नाही. शिक्का, सही, सगळं.

त्या दोन कागदांवर शर्कच्या खोलीत आणि खैतानच्या अंगणात जेवढी चर्चा झाली तेवढी फाळणीवर झाली नसेल. इद्रीस तिकडं गेला तर अबू खालिदची नोकरी गेली आणि कुवेत कायमचं बंद. झुलेखा इकडं आली आणि राहिली तर मालक गैरहजर म्हणून कंपनीची नोंद रद्द. खतिजाबी म्हणाल्या, बाईनं नवऱ्यामागं यावं. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, पण तिचं दुकान चांगलं चाललंय. नझीर म्हणाला, दोघांनी मधल्या एखाद्या बंदरात राहावं. सिराजचाचांनी विचारलं, जंजिरा संस्थान परत सुरू व्हायची काही आशा आहे का.

इद्रीसनं दोन्ही कागद घडी करून ट्रंकेत ठेवले. पण मासळीबाजारात तो सुकटीच्या वखारीपाशी उभा राहून तराजूवाल्याचे हात पाहू लागला होता, हे नझीरनं दोनदा पाहिलं आहे. नव्या ऑफिसरला ते शोभत नव्हतं.

उपलब्ध असलेली शेवटची माहिती अशी. तांडेल या खेपेला आला तो निरोपाशिवाय. बढतीची बातमी कळल्यावर झुलेखानं दुकानाची किल्ली बिल्कीसकडे दिली आहे आणि नूरीची वेणी घालताना तिनं त्याला विचारलं होतं, खैतानला पाणी कसं येतं. किल्ली आठवड्यासाठी दिली की कायमची, हे तांडेलानं विचारलं नाही. हे त्यानं चाचांना सांगितलं, इद्रीस तेव्हा कचेरीत होता. चाचांनी ते इद्रीसला सांगायचं ठरवलं आणि संध्याकाळी खोलीवर आले.

इद्रीसची ट्रंक भरून तयार होती. तो तिला सुंभानं आवळत होता.

"आणायला निघालास," चाचांनी विचारलं, "की राहायला?"

इद्रीसनं सुंभाचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "जरा धरा," तो म्हणाला. "घट्ट."

चाचांनी धरलं, आणि किल्लीची गोष्ट सांगायची राहून गेली. खाली जाणारी बोट मंगळवारी सुटते. खालून वर येणारीही मंगळवारीच.